रात्र काळी का?



उन्हाळ्यातल्या अमावास्येला अंगणात बाजेवर पडल्या पडल्या एखाद्या मुलाने, “रात्री काळोख का असतो?” असे विचारले, तर “सूर्य मावळतो म्हणून,” एवढे सांगून आपण त्याची बोळवण करतो.

पण प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही.

विश्व जर अनंत असेल, अनादी असेल आणि सर्वत्र ताऱ्यांनी भरलेले असेल, तर ज्या दिशेस दृष्टी टाकावी त्या दिशेस, जवळ वा दूर, एखादा तारा असलाच पाहिजे. आणि मग सारे आकाश सूर्यबिंबासारखे तळपावयास हवे.

दाट अरण्यात नाही का, जिकडे पाहावे तिकडे झाडाचे खोडच आड येते!

जर्मनीतील ब्रेमेन शहरी दिवसा रोगी तपासणारे आणि रात्री दुर्बिणीत रमणारे डॉक्टर ओल्बर्स यांनी १८२३ साली हा प्रश्न मांडला.

पुढे १८४८ साली एडगर ॲलन पो या अमेरिकन साहित्यिकाने तर्क लढविला, की अतिदूरचा प्रकाश आपल्यापर्यंत अद्याप पोहोचलाच नसावा.

आजचे पदार्थविज्ञान या तर्कास दुजोरा देते.

विश्वाचे वय सुमारे १४०० कोटी वर्षे; तेवढ्या काळात अतिदूरचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचूच शकलेला नाही.

शिवाय ते प्रसरण पावत असल्यामुळे, दूरचा प्रकाश वाटेतच क्षीण होऊन, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींत उतरतो.



रात्र काळी आहे, कारण विश्व अनादी नाही.

तो काळोख म्हणजे विश्वाच्या जन्माचा दाखलाच होय.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाची बोळवण करू नका.