पुस्तक परत आलं, नोंद मिटली

(भाईंदर येथे भरलेल्या ग्रंथपाल आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)



बत्तीस वर्षं मी लोकांना "हळू बोला" म्हणत आले आणि आज तुम्ही मलाच माइकसमोर उभं केलंत. ही बाई फार आवाज करणार नाही, असा तुमचा हिशेब असेल तर तो थोडा चुकणार आहे. आज मला सरकारबद्दल बोलायचं आहे. सरकारला आपल्याबद्दल किती माहीत असावं आणि आपल्याला सरकारबद्दल किती, हा माझा विषय. तो वकिलांचा आहे असं कुणाला वाटेल. पण माणसाच्या मनात काय शिजतंय हे सगळ्यात आधी ग्रंथपालाला कळतं. आजाराचं पुस्तक मागणाऱ्याच्या घरी कुणीतरी आजारी असतं, आणि घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक विचारणारी बाई आवाज का खाली आणते, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तेव्हा आमच्या वाचनालयात ब्राऊन पद्धत होती. तरुण सहकाऱ्यांनी ती पाहिली नसेल. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, प्रत्येक वाचकाचं खिशासारखं एक तिकीट. पुस्तक नेलं की त्याचं कार्ड वाचकाच्या तिकिटात सरकवायचं आणि तारखेनुसार ट्रेमध्ये उभं करायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात जायचं आणि तिकीट वाचकाच्या हातात. कुणी काय वाचलं याची खूण मागे उरतच नसे.

एका संध्याकाळी एक गृहस्थ आले. म्हणाले, "आमची मुलगी कोणतं पुस्तक घेऊन गेलीय, जरा बघता का? हल्ली लपवून वाचते." मुलगी एकोणीस वर्षांची. तिचं तिकीट माझ्या समोरच्या ट्रेमध्येच होतं. मी ट्रेवर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, पुस्तक उशिरा आलं तर दंड तिच्याकडूनच घेईन. तुमच्यापर्यंत येऊ देणार नाही." ते रागावून गेले. कार्यकारिणीकडे तक्रार आली. एक सदस्य मला म्हणाले, "अहो, वडीलच ते. सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. आजचं भाषण हे ते उत्तर आहे. उशीर फार झाला, दंड भरायला मी तयार आहे.

उशीर फक्त मलाच झाला असं नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक अशा बहुमतानं निकाल दिला की सरकारनं बेकायदा डांबलं तरी नागरिकाला न्यायालयाचं दार वाजवता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती खन्ना. बहुमतात होते न्यायमूर्ती यशवंत विष्णु चंद्रचूड. एक्केचाळीस वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. १९७६ चा तो निकाल चूक होता, हे ज्या निकालपत्रात लिहिलं गेलं, ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी लिहिलेलं. वडिलांची चूक मुलानं भर न्यायालयात दुरुस्त केली. पितृऋण फेडण्याचा असा प्रकार मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याच आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर दुर्गाबाई भागवत होत्या. त्या तिथे आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या, आणि पुढे त्यांना अटक झाली. एशियाटिक लायब्ररीत आयुष्यभर वाचत बसलेली ही बाई आपल्यासारखीच पुस्तकांच्या कपाटांमध्ये वावरलेली होती, एवढंच आज लक्षात आणून देते.

आता आपल्या स्वतःच्या चुकीबद्दल. इतरांना बोल लावण्याआधी आपला ट्रे तपासावा. आमच्या वाचनालयात मध्यंतरी सभासदत्वासाठी आधार कार्डाची झेरॉक्स घ्यायला लागलो. का घेतो, कुणालाच ठाऊक नव्हतं. "असू द्या, कधीतरी लागते," एवढंच कारण. शंभर रुपयांच्या अनामतीवर कादंबरी नेणाऱ्याचा बारा आकडी नंबर, जन्मतारीख, पत्ता, फोटो, सगळं आमच्या फायलीत. काही वर्षांनी कपाटं रिकामी केली आणि जुने कागद रद्दीत गेले. महिन्याभरानं स्टेशनाबाहेर भेळ घेतली, आणि कुरमुऱ्यांखालून आमच्याच एका सभासद आजोबांचा फोटो माझ्याकडे बघत होता. ती भेळ मला संपवता आली नाही. चोरी कुणीच केली नव्हती. गरज नसताना आम्ही कागद घेतला, इतकाच गुन्हा.

आणि असे कागद पुढे कुठे जातात, हे सांगायला मीरा-भाईंदरइतकं योग्य शहर नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं. इथे बसून अमेरिकेतल्या माणसांना फोन जायचे, "आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, आत्ता पैसे भरा, नाहीतर पोलीस दारात येतील." पुढं अमेरिकेत अशा टोळ्यांवर खटले भरले गेले, तेव्हा आरोपपत्रात आलं की सावजांची माहिती डेटा विकणाऱ्या दलालांकडून घेतली होती.

मी या प्रकरणाचा बराच विचार केला आहे. त्या धंद्याला दोनच गोष्टींचं भांडवल लागत होतं, समोरच्याची माहिती आणि समोरच्याची सरकारबद्दलची भीती. नुसत्या माहितीवर ते चाललं नसतं. "कोणत्या कलमाखाली? लेखी आदेश पाठवा," असं म्हणणाऱ्याकडून कुणाला एक डॉलर मिळाला नसता. आज तोच फोन उलटा फिरून आपल्या घरात येतो. त्याला 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात. तसली अटक कुठल्याही कायद्यात नाही, तरी शिकलेसवरलेले निवृत्त लोक व्हिडिओ कॉलसमोर तासन् तास बसून राहतात आणि मुदतठेवी मोडतात. सरकार काहीही करू शकतं, असं ज्याच्या मनात पक्कं बसलंय, त्याला सरकारच्या नावानं कुणीही लुटू शकतं. म्हणून सरकारची हद्द कुठे संपते हे नागरिकाला ठाऊक असणं ही चैन नाही. त्याच्या बचत खात्याची ती कडी आहे.

सरकारला अशी हद्द घालायची म्हटलं की "मग सरकारनं काही द्यायचंच नाही का?" असा प्रश्न येतो. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्याला सरळ उत्तर दिलं होतं. शेतकऱ्याच्या मालाला मोकळा बाजार द्या, अनुदानं तुमची तुमच्याकडे ठेवा. जो देतो तो उद्या हुकूमही करतो, हा त्यांचा इशारा मला पटतो. पण बाजारात विकायला ज्याच्याकडे मालच नाही, त्याचं काय? माझ्या वाचकांमध्ये घरकाम करणाऱ्या बायका आहेत. त्यांना तात्त्विक उत्तर देऊन भागत नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी बाईंना दिलं गेलं. गरिबाला ओळख मिळेल, मधला दलाल जाईल, हे वचन होतं. ते अगदीच खोटं ठरलं नाही. पैसे थेट खात्यात येतात, हे मी पाहिलं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बँक खातं आणि मोबाइल आधारला जोडण्याची सक्ती रद्द केली, पण सरकारी लाभांसाठीची सक्ती कायम ठेवली. म्हणजे खासगीपणा पगारदाराला बराचसा परत मिळाला. लाभार्थीला मात्र तो रेशनच्या दुकानात अंगठ्याबरोबर ठेवावा लागतो.

राज्य सरकारच्या 'लाडकी बहीण' योजनेचं घ्या. २०२४ पासून महिन्याला १५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली आणि तीत नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचीही पडताळणी आली. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा तपासायची, हे कारण. ते उडवून लावू नका. काही हजार पुरुषांनी बहीण बनून पैसे उचलल्याचं उघड झालंच होतं आणि तिजोरी तुमच्या-माझ्या करांचीच आहे. पण वाचनालयाच्या संगणकावर फॉर्म भरायला आलेली एक बाई मला आठवते. नवरा आठ वर्षांपूर्वी न सांगता निघून गेला. वडील वारले. तिनं विचारलं, "ताई, ओटीपी त्याच्या मोबाइलवर जाणार, तो मी कुठून आणू?" विधवेला, घटस्फोटितेला पुढे कागद जोडण्याची सोय झाली. जिला नुसतंच टाकलं, तिच्याकडे कोणता दाखला असणार? बाईच्या हातात स्वतःचा पैसा यावा म्हणून काढलेल्या योजनेची किल्ली पुन्हा नवऱ्याच्या खिशात गेली.

याच महाराष्ट्रानं एकदा वेगळा प्रश्न विचारला होता. वि. स. पागे यांनी तासगावजवळच्या विसापुरात १९६५ मध्ये एक प्रयोग केला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. बहात्तरच्या दुष्काळात ती कसाला लागली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. तुमच्या पगारपत्रकात महिन्याला कापले जातात ते २०० रुपये मूळचे यासाठी. रोहयोनं तुझं उत्पन्न किती, नवरा कोण, असं विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, खडी फोडशील? उन्हात खडी फोडायला सुखवस्तू माणूस येत नाही, त्यामुळे छाननी आपोआप व्हायची. हजेरीपटावर खोटी नावं चढली, हेही खरं. पण ती लबाडी बहुतेक लिहिणाऱ्यांची होती आणि तपासायची तर त्यांचीच दप्तरं तपासायला हवी होती. प्रत्येक मदत खडी फोडायला लावून देता येत नाही, हे मला कळतं. मात्र देण्याआधी कमीत कमी काय विचारून भागेल, एवढा विचार तरी पागेंच्या राज्यात व्हायला हवा.

देणारं सरकार आणि मोकळा नागरिक एकत्र नांदू शकतात का? दूर जायला नको, आपण स्वतः त्याचा पुरावा आहोत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं. ती लोकांनी उभी केली, सरकारनं नव्हे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं ती ताब्यात घेतली नाहीत. वर्ग ठरवून अनुदान दिलं. ते अपुरं असतं, उशिरा येतं, यावर आपण रात्रभर बोलू शकतो. पण तपासणीला आलेले अधिकारी काय पाहतात? दाखल नोंदवही, पावत्या, सभासदसंख्या. अमुक बाईनं काय वाचलं, असं मला बत्तीस वर्षांत एकाही अधिकाऱ्यानं विचारलं नाही. पैशाचा हिशेब मागा, माणसाचा मागू नका. कल्याणकारी राज्याची हद्द मला याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

तीच हद्द आता दुसऱ्या बाजूनं पुसली जाते आहे. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. कंपन्यांना अडीचशे कोटींपर्यंत दंड, हे चांगलं. पण केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकतं. याच कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम आठ बदललं आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं करून ठेवलं. ज्या महाराष्ट्रात अण्णा हजाऱ्यांच्या उपोषणांनी माहितीचा कायदा आणवला, तिथे हे लगेच ओळखू यायला हवं. पडदा घराच्या खिडकीला असतो, कचेरीच्या खिडकीला नव्हे.

म्हणून आपल्या हातात आहे तेवढं आपण आज करू. मी तीन ठराव मांडते. एक, सभासदत्वासाठी आधारची झेरॉक्स घेणं बंद, जुन्या आहेत त्या फाडून नष्ट. दोन, संगणकात अशी व्यवस्था की पुस्तक परत आलं आणि दंड चुकता झाला की नोंद मिटेल. ब्राऊन पद्धत जे नकळत करायची, ते आता जाणूनबुजून करू. तीन, वाचकाची नोंद लेखी, कायदेशीर आदेशाशिवाय कुणालाही दाखवायची नाही. अमेरिकेत २००५ मध्ये कनेक्टिकटच्या चार ग्रंथपालांनी थेट एफबीआयला नकार दिला होता. आपल्याला बहुतेक वेळा नकार द्यावा लागेल तो एखाद्या काकांना, किंवा आपल्याच कार्यकारिणीला. ते जास्त अवघड आहे.

कार्यकारिणीतल्या त्या सदस्यांना द्यायचं उत्तर बाकी आहे. "सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" साहेब, त्या दिवशी कदाचित काहीच बिघडलं नसतं. पण त्या मुलीला पुन्हा पुस्तक निवडताना आधी वडिलांचा चेहरा आठवला असता, आणि मग ती वाचनालयात येऊनही वाचक राहिली नसती.

तिनं कोणतं पुस्तक नेलं होतं, ते मला आजही आठवतं. चहाच्या वेळी तुमच्यापैकी कुणीतरी विचारणार, हेही मला ठाऊक आहे.

ते पुस्तक वेळेत परत आलं. नोंद मिटली.