उद्याच्या भीतीने आज रडणारे लेकरू

(जळकोट येथे पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काही लेकरे अशी असतात की संकट दारात येण्याआधीच ती रडून हैराण होतात. सहल सोमवारी निघायची असते आणि यांचे पोट शनिवारपासून दुखते. गाडी लागली तर? बाई रागावल्या तर? आई, तू न्यायला आली नाहीस तर? या ‘तर’ला अंत नसतो. आपण एक तर “येडं आहेस का, काही होत नाही” म्हणून झटकून टाकतो, नाही तर “राहू दे, नको जाऊ” म्हणून त्याची सुटका करतो. झटकल्याने लेकरू बोलायचे बंद होते. सुटका केल्याने मात्र त्याला पटते की गोष्ट खरोखरच भयंकर होती, म्हणून तर आईने वाचवले. पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. आणि ते पोटदुखीचे सोंग नसते, हे आम्ही आग्रहाने सांगतो. भीतीने छाती धडधडते, पोटात खरोखरच कळ येते.

या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा आपल्याच भागाने दिलेली आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. दगड-मातीच्या भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले. त्यानंतर कित्येक दिवस लोक घरात निजायला धजत नव्हते. दिवस मावळू लागला की लेकरे घाबरीघुबरी होत. अशा लेकराला काय सांगावे? “आता होणार नाही” असे म्हणणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. लहानमोठे धक्के पुढेही बसत राहिले. संध्याकाळी वचन ऐकलेले आणि रात्री जमीन हललेली, असे झाले की लेकराचा भूकंपावर नव्हे, आईबापावरचा भरवसा उडतो.

खरे सांगता येण्याजोगे एकच होते. हलले तर कडी कोणी काढायची, धाकटीला कोणी उचलायचे, कोणत्या मोकळ्या जागेत जमायचे. एवढे ठरले की भीती जात नाही, पण तिच्या हाताला काम मिळते. त्या वेळची लेकरे आज आईबाप आहेत. जमिनीतून गूढ आवाज आल्याची बातमी आली की त्यांचाच चेहरा आधी उतरतो आणि लेकरू तो वाचते. तेव्हा उपाय थोडा आपल्यापासूनही सुरू करावा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हेच दिसते. दसऱ्यापासूनच लेकरू आईचा पदर सोडत नाही. “लवकर येते” म्हणून पहाटे अंधारात गुपचूप निघून जाणे, हे आम्हांस सर्वांत वाईट वाटते. कधी निघणार, आजीकडे कोण जेवू घालील, कोणत्या वारी फोन येईल, पट्टा साधारण कधी पडतो, हे त्याला सांगावे. रडेल, रडू द्यावे. त्याचे दुःख खरे आहे, त्याला भीती म्हणून हिणवू नये.

रोजच्या भीतीला मात्र पायऱ्या कराव्यात. गाडीची धास्ती असेल तर आधी नळदुर्गपर्यंतच एस.टी.ने न्यावे, पुढच्या खेपेस तुळजापूर. खिडकीची जागा, खिशात एक पिशवी. मध्येच घाबरले तर लगेच उतरवू नये. भीती चढते तशी थोड्या वेळाने उतरतेही, हे त्याने स्वतः अनुभवले पाहिजे. दहावीच्या मुलाला “पास होशीलच” म्हणण्यापेक्षा नापास झाल्यास पुरवणी परीक्षा असते, हे शांतपणे सांगितलेले बरे. (पहिल्या नंबराची बक्षिसे आधीच जाहीर करणाऱ्या मामा-काकांनाही आवरावे!)

तोच प्रश्न दहा वेळा विचारला तर दहा वेळा उत्तर देऊ नये. एकदा नीट सांगावे, मग “आता तूच सांग, काय ठरलंय आपलं?” असे विचारावे. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे काळजीच्या गोष्टींसाठी ठेवावीत. दिवसा प्रश्न निघाला तर “ते आपण जेवल्यावर बोलू” म्हणावे, आणि शब्द पाळावा. सुईची गोष्ट आठ दिवस आधी सांगून त्याला आठ दिवस जाळू नये, पण दवाखान्याच्या दारात जाईपर्यंत लपवूही नये. त्या दिवशी सकाळी सांगावे.

इतके करूनही शाळा सुटू लागली, झोप किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, किंवा लेकरू मरणाच्या गोष्टी बोलू लागले, तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. जिल्हा रुग्णालयात दाखवा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते. क्रमांक लिहून घ्या. आता ज्यांना आपल्या लेकराविषयी विचारायचे आहे, त्यांनी खुशाल विचारावे. सर्वांसमोर नको असेल तर आम्ही नंतर इथेच थांबणार आहोत.