किल्लीच्या घड्याळाचा लळा

काळ मोजण्याचे साधन म्हणून पाहिले, तर किल्लीच्या घड्याळाची आज कोणासही गरज उरलेली नाही. अल्प किमतीचे क्वार्ट्झ घड्याळ त्याहून अचूक चालते आणि खिशातला मोबाइल तर तेच काम फुकट करतो. असे असता चांगली व्यवहारी माणसे जुनी यांत्रिक घड्याळे शोधीत हिंडतात, प्रसंगी त्यांपायी महिन्याचे वेतन खर्चितात, याचे पुष्कळांस नवल वाटते. श्रीमंतीचा डौल, एवढे म्हणून कित्येक मोकळे होतात; परंतु ते उत्तर अपुरे आहे.

महाराष्ट्रात घराघरांत घड्याळ शिरले ते मुख्यतः गरजेपोटी. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी औत जुंपणाऱ्यास सूर्य पुरतो. मिनिटांची निकड आगगाडीने, शाळेने आणि कचेरीने निर्माण केली. फाव्र-ल्युबा, वेस्ट एंड यांसारख्या पेढ्यांनी एकोणिसाव्या शतकातच मुंबईत बस्तान बसविले आणि स्विस घड्याळे शहरांतून पसरू लागली. १९६१ साली बंगळूरच्या एचएमटी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे बनविण्यास आरंभ केला, आणि त्याचे 'जनता' हे किल्लीचे घड्याळ मध्यम स्थितीतल्या माणसाच्याही मनगटावर आले. लग्नात जावयास आणि निवृत्तिसमारंभात सत्कारमूर्तीस घड्याळ देण्याची रीत पडली. अशा रीतीने एका यंत्रास कुटुंबाच्या आठवणी चिकटल्या. संग्राहकाचे पहिले घड्याळ बहुधा विकत घेतलेले नसते. ते वडिलांच्या अथवा आजोबांच्या कपाटात सापडलेले असते.

पुढची पायरी घड्याळजीच्या दुकानात चढली जाते. तो मागचे झाकण उघडतो आणि मालकास प्रथमच आतला संसार दिसतो. किल्ली दिली की मुख्य कमान आवळली जाते. ती उलगडताना चक्रांच्या मालिकेतून जोर पुढे जातो. आणि केसासारख्या बारीक कमानीवर झुलणारे एक लहान चाक तो जोर मोजून मोजून सोडते. जुन्या धाटणीचे घड्याळ सेकंदास ५ ठोके देते. म्हणजे ताशी १८,००० आणि दिवसास ४,३२,०००. दिवसाकाठी ते १० सेकंद चुकले, तरी ८६,४०० सेकंदांत चुकलेले ते १० होत! इतकी शिस्त मानवी बोटांनी धातूच्या तुकड्यांस लाविली, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कुतूहलाचे आदरात आणि आदराचे प्रेमात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो. तो अधिक खरा, पण त्याचे काम डोळ्यांस दिसत नाही, आणि त्यास मालकाची रोज आठवणही लागत नाही. किल्लीचे घड्याळ मात्र विसरल्यास थांबते. ज्याची रोज काळजी घ्यावी लागते, त्याचाच लळा लागतो.

१९६९ च्या डिसेंबरात टोकियोत सेइकोचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आले आणि पुढील दीड दशकात स्वित्झर्लंडच्या घड्याळधंद्यातील बहुसंख्य कामगारांचा रोजगार गेला. भारतातही एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करण्यास केंद्र सरकारने २०१६ साली संमती दिली. ज्या 'जनता'कडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिचा शोध मग सुरू झाला.

शोधाबरोबर मोहही आला. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचे रोलेक्स घड्याळ पावणेदोन कोटी डॉलरांहून अधिक किमतीस गेले. तत्पूर्वी २००९ साली त्याच शहरात महात्मा गांधींचा चष्मा, चपला, थाळी-वाटी आणि खिशातले झेनिथ घड्याळ मिळून १८ लक्ष डॉलरांस विकले गेले. झेनिथ काही रत्नजडित नव्हते. वेळेच्या बाबतीत काटेकोर असलेल्या एका माणसाच्या कमरेस ते लटकत असे, एवढीच त्याची श्रीमंती. किंमत धातूची नसून सहवासाची असते, हे यावरून उमगावे. परंतु कित्येक जण केवळ आकडा लक्षात ठेवतात आणि भाव चढेल या आशेने घड्याळे तिजोरीत कोंडतात.

खऱ्या संग्रहाचा कित्ता पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये अशा नित्याच्या वस्तू जन्मभर वेचल्या, त्यांमागचा कारागिराचा हात ओळखला, आणि दिवंगत पुत्राच्या नावे उभारलेले ते संग्रहालय १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या हवाली केले. वेचणे, जाणणे आणि देणे, या तिन्हींवाचून संग्रह म्हणजे नुसता साठा.

घड्याळाच्या बाबतीत तर निष्काळजीपणाची शिक्षा तत्काळ मिळते. वर्षानुवर्षे न चालविलेल्या यंत्रातले तेल सुकते आणि चक्रे अडतात. म्हणून दहा घड्याळे कोंडून ठेवण्यापेक्षा दोन चालती ठेवावीत, आलटूनपालटून वापरावीत, चार-पाच वर्षांनी साफ करवून घ्यावीत. त्यासाठी जाणता घड्याळजी हवा, आणि खरी चिंता तीच आहे. मुले बापाच्या धंद्यात येत नाहीत. भिंग डोळ्यास लावून बसणारी ही मंडळी गेली, तर लक्षावधींची घड्याळेही मुकी होतील. यास्तव घरातले बंद पडलेले जुने घड्याळ रद्दीत न देता नाक्यावरच्या घड्याळजीकडे न्यावे, त्याची मजुरी घासाघीस न करता द्यावी, आणि ते चालू झाले की घरातल्या मुलास त्याची किल्ली देण्यास शिकवावे.