शेजाऱ्याची सावड



मला सलोख्यावर बोलायला सांगितलं आहे. त्या विषयावर मला फार बोलता येत नाही. शेतीवर येतं. म्हणून शेतीबद्दलच सांगतो. सलोखा त्यात कुठे येतो, ते तुम्हीच पाहा.

वसमत तालुक्यात आमची तीन एकर जमीन आहे. आज हा तालुका हिंगोली जिल्ह्यात आहे. हिंगोली १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, त्याआधी आम्ही परभणीचे. घरात दखनी आणि बांधावर मराठी, अशा दोन बोलींत मी वाढलो. अब्बांकडे एकच बैल होता. एका बैलावर ना नांगर चालतो, ना तिफण. आमच्या शेतशेजाऱ्यांकडेही एकच बैल. त्यांना मी आबा म्हणायचो. दोघांनी सावड केली. दोन्ही बैल एका जुवाला, दोन दिवस आमच्या शेतात, दोन दिवस त्यांच्या.

इथे बसलेल्या तरुणांनी कदाचित हा शब्द ऐकला नसेल. इर्जिक वेगळी आणि सावड वेगळी. इर्जिकेत ज्याचं काम अडलं असेल त्याच्या शेतात सगळे औत घेऊन जातात, आणि तो त्यांना जेवू घालतो. सावडीत हिशेब असतो. तू माझ्याकडे दोन दिवस आलास, तर मी तुझ्याकडे दोन दिवस येणार. मला हा हिशेब फार मोलाचा वाटतो. ज्याला परतफेड करायची असते, त्याला मान खाली घालून मदत घ्यावी लागत नाही. आबांनी आमच्यावर उपकार केले असं अब्बा कधी म्हणाले नाहीत, आणि आबाही तसं म्हणाले नाहीत.

पुढे हळद आली. हळद हे एकट्यादुकट्याचं पीक नाही. एकरी दहा क्विंटलच्या आसपास बेणं लागतं, जमिनीत ती नऊ महिने राहते. मग काढणी, शिजवणं, पंधरा दिवस उन्हात वाळवणं आणि शेवटी पॉलिश. काढलेली हळद फार दिवस तशीच ठेवता येत नाही, वेळेवर शिजवावी लागते. काहिलीखाली जाळ लावायला एक, पाणी बघायला एक, शिजलेला माल उपसायला दोन, पसरायला घरच्या बाया. आमच्या काहिलीवर आबांचं घर राबायचं, त्यांच्या काहिलीवर आमचं.

आता १९९२ च्या डिसेंबरातली एक रात्र सांगतो. अयोध्येची बातमी आली होती. गावात काही झालं नव्हतं, पण अफवा रोज नवी यायची. विहीर आबांच्या शेतात आणि मोटर आमची, अशी आमची भागी. वीज रात्रीची. त्या रात्री हळदीला पाणी द्यायची पाळी आमची होती. अब्बा बॅटरी घेऊन निघाले, पण अम्मी दारात आडवी उभी राहिली. तेवढ्यात आबा आले. आत आले नाहीत, अंगणातूनच म्हणाले, "भाई, तू घरी राहा. पाणी मी धरतो."

सकाळी आम्ही गेलो तेव्हा आमचे सगळे सरे भिजलेले होते. आबांचं स्वतःचं रान कोरडं होतं. पुढच्या पाळीला अब्बांनी त्यांचं पाणी धरलं. या गोष्टीवर दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत.

पुढे १९४८ बद्दल वाचताना मला ती रात्र आठवली. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे होते, ते झाकून पुढचं सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातल्या मुसलमानांवर जे गुदरलं, तेही खरं आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचं नांदेड होतं. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. एकाच धंद्यातल्या लोकांमध्ये आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, काहींनी त्यासाठी जीव गमावला. ज्यांचे हात एका कामात होते, त्यांनी एकमेकांना सोडलं नाही.

आता माझी चूक सांगतो. आबा गेले, अब्बा गेले. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्याने येऊ लागला, हळद शिजवायला कुकर आला. पैसे टाकले की काम होतं, शेजाऱ्याला हाक मारायची गरज उरली नाही. पाच वर्षांपूर्वी आबांचा मुलगा ऐन काढणीत पाय मोडून घरी पडला. मजूर मिळेना. त्याची हळद रानातच अडकली. माझं शेत बांधाला लागून, आणि मला हे कळलं तिसऱ्या दिवशी, तेही चहाच्या टपरीवर. मी गेलो तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, "तुला सांगावा धाडावा लागंल असं वाटलं नव्हतं रे."

याच काळात माझ्या मुलाच्या मोबाईलवर काय यायचं आणि तिच्या नातवाच्या मोबाईलवर काय यायचं, ते मी पाहिलं आहे. दोघांनाही एकमेकांच्या जमातीबद्दल सगळं माहीत होतं. एकमेकांच्या विहिरीला पाणी किती, ते मात्र माहीत नव्हतं.

गेले दोन हंगाम आम्ही तीन घरं पुन्हा सावडीने हळद काढतो. ट्रॅक्टर आणि कुकर आहेतच, ते सोडायचे नाहीत. पण काढणी, वेचणी आणि वाळवण एकत्र करतो. एका वहीत दिवस लिहितो. जुन्या सावडीत गडी मोजले जायचे, बायकांचं राबणं कुणी मोजत नसे. अम्मीने जन्मभर दोन्ही घरची हळद पसरली, तिचा एकही दिवस कुणाच्या हिशेबात आला नाही. आमच्या वहीत बाईचा दिवस आणि पुरुषाचा दिवस सारखाच आहे. वही माझी सून आणि आबांची नात मिळून लिहितात.

भांडणं होतात. मागच्या वर्षी अर्ध्या दिवसावरून झालं. पण हिशेबाचं भांडण वही उघडली की मिटतं.

सलोख्याच्या सभा भरवा, मी येईन. पण मृगाच्या आधी एकदा आपल्या बांधापलीकडे जा आणि विचारा, यंदा काय पेरतोस आणि कुठे अडलंय. शहरात राहणाऱ्यांनी समोरचं दार वाजवा. आणि आपलं काय अडलंय, तेही सांगा. नुसतं देणारा शेजारी फार दिवस शेजारी राहत नाही.