कायदा : आज्ञा की आधार?



1937 साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. निजामी राजवटीत ‘गश्ती निशाण 53’ या फर्मानानुसार सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागे. अशा काळात लोकांनी एकत्र येणे, हेच धाडस होते.

ते फर्मान राज्याचा नियमच होता. मग आजच्या कायद्याहून त्यात उणे काय होते? त्याला प्रजेची संमती नव्हती आणि ते पारखून घेणारा श्रेष्ठ कायदाही नव्हता. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटना लागू झाली. घटनेच्या 19 व्या अनुच्छेदाने शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला. 13 व्या अनुच्छेदाने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या मर्यादेत शून्य ठरविला. सत्तेला मर्यादा घालणे हा कायद्याचा एक हेतू आहे.

दुसरा हेतू सुव्यवस्थेचा. दोन भावांत बांधावरून वाद झाला, तर मालकी ठरविणे हे दिवाणी कायद्याचे काम. डोकी फुटली, तर फौजदारी कायदा पुढे येतो. तेथे राज्यसंस्थाच फिर्यादी पक्ष होते. सातबारावरील नोंद महसूल कायद्याखाली येते. गुन्हा व शिक्षा सांगणारा मूलभूत कायदा वेगळा, तपास व खटल्याची रीत सांगणारा प्रक्रियात्मक कायदा वेगळा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता ही दोन कामे करीत आहेत.

तिसरा हेतू न्याय्य परिवर्तनाचा. 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने संरक्षित कुळाला कसत्या जमिनीवर संरक्षण आणि ती विकत घेण्याचा हक्क दिला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन नांगरणाऱ्याला मालक होण्याची वाट त्यामुळे खुली झाली.

परंतु कागदावरील हक्क आपोआप घरी चालत येत नाही. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला सातबारा वाचून दाखविणे, गरिबाला मोफत विधी साहाय्याची वाट सांगणे, ही कार्यकर्त्याची साधी पण मोलाची सेवा होय. आणि खरी कसोटी घरातच लागते. चूक आपल्या माणसाची असली, तरी कायदा तोच हवा. शेजाऱ्यासाठी एक नि स्वतःसाठी दुसरा नियम मागणारा समाज पुन्हा फर्मानाच्याच वाटेने जातो.