ख्रिस्ती माणूस प्रार्थना कशी करतो?



मी नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांत जन्मलेला ख्रिस्ती. पस्तीस वर्षें मराठी शाळेंत मुलांस गणित आणि भाषा शिकविली. आतां निवृत्त आहें. धर्मोपदेशक नव्हे, आणि माझें शिक्षणही मॅट्रिकच्या फारसें पुढें गेलेलें नाहीं. तरी आजचा विषय मीं घेतला तो आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांमुळें. सायंकाळीं आम्ही बरोबर फिरावयास जातों. एके दिवशीं ते म्हणाले, “मास्तर, आम्ही पूजा करतों, तींत फूल असतें, पाणी असतें, नैवेद्य असतो. तुमच्या प्रार्थनेंत हातांत कांहींच नसतें. मग तुम्ही नक्की करतां काय?”

मला चटकन् उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन नवा करार उघडला. हाच प्रश्न तेथें ख्रिस्ताच्या शिष्यांनीं विचारलेला आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायांत येशू प्रार्थना आटोपून उठतो, आणि एक शिष्य त्यास विनवितो कीं, योहानानें आपल्या शिष्यांस शिकविलें तसें आम्हांसही प्रार्थना करावयास शिकवा. हे शिष्य यहूदी होते. स्तोत्रें लहानपणापासून त्यांच्या कानांवरून गेलेलीं. तरीही त्यांस शिकवावें लागलें, या गोष्टीनें माझ्यासारख्या शिक्षकास बराच धीर येतो.

उत्तरादाखल जी प्रार्थना मिळाली ती म्हणावयास एक मिनिटही लागत नाहीं. लूकांत ती त्रोटक आहे. मत्तयाच्या सहाव्या अध्यायांत थोडी विस्तृत. मत्तयांत तिच्या आधीं दोन सूचना आहेत. प्रार्थना लोकांस दाखविण्यासाठीं करूं नये, खोलींत जाऊन दार लावून करावी. आणि पुष्कळ बोलल्यानें देव ऐकतो असें समजूं नये, कारण आपणांस काय हवें तें पित्यास मागण्यापूर्वींच ठाऊक असतें.

येथें वकीलसाहेबांनीं मला अडविलेंच. “देवाला आधींच ठाऊक असेल, तर अर्ज करावयाचा कशाला?”

प्रश्न रास्त आहे. परंतु अर्जाचा नमुना डोळ्यांपुढें आणा. त्यांत प्रथम अर्जदाराचें नांव, मग त्याची तक्रार. या प्रार्थनेंत अर्जदाराचें नांव कोठेंच नाहीं. आरंभीं ईश्वरास पिता म्हणून हांक, आणि पाठोपाठ तीन मागणीं त्याच्यासंबंधीं: त्याचें नांव, त्याचें राज्य, त्याची इच्छा. आपल्या पोटाची गोष्ट त्यानंतर. तोंवर आपलें गाऱ्हाणें मनांत पुष्कळ लहान झालेलें असतें. निदान व्हावें अशी योजना आहे. शिवाय सबंध प्रार्थनेंत ‘मी’ हा शब्द एकदांही येत नाहीं, सगळीकडे ‘आम्ही’. दार लावून एकटें बसावें, आणि तोंडानें मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सर्वांसाठीं मागावें, असा हा प्रकार आहे.

मागितलें तें मिळतेंच काय? नाहीं. खुद्द येशूनें पकडला जाण्याच्या रात्रीं गेथशेमाने बागेंत पुढलें दुःख टळावें म्हणून विनवणी केली, आणि तें टळलें नाहीं. मत्तयाच्या मूळ ग्रीकमध्यें त्या रात्रींच्या दुसऱ्या विनवणीत त्याच्या तोंडीं जे शब्द आहेत, ते शिष्यांस शिकविलेल्या तिसऱ्या मागण्याचेच शब्द आहेत. शिकविणाऱ्यानें आपला धडा स्वतः गिरविला, असें याहून स्पष्ट मला दुसरीकडे आढळत नाहीं.

बाह्य विधीविषयीं फार सांगत नाहीं. कोणी उभा राहतो, कोणी गुडघे टेकतो. आमच्या नगरकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांचीं (१८६१–१९१९) भजनें टाळमृदंगावर म्हणूनही प्रार्थना होते.

चौथें मागणें भाकरीचें आहे, आणि तेंही आजच्यापुरतें. महिन्याच्या महिन्यास निवृत्तिवेतन घेणाऱ्या माणसास हें मनापासून म्हणणें जड जातें. रोजावर जाणारी बाई तें माझ्याहून खरें म्हणते.

त्याच्या पुढलें मागणें मात्र सर्वांत अवघड. मत्तयांत शब्द आहे ऋणाचा. मराठी भाषांतरकारांनींही तोच ठेवला. आमचें ऋण सोड, असें ईश्वरास म्हणावयाचें, आणि आम्हीं आपल्या ऋणकोंस सोडलें आहे अशी त्याच वाक्यांत साक्ष द्यावयाची! प्रार्थना संपल्यावर येशू तिच्यांतील या एकाच मागण्यावर पुन्हां बोलतो. पुढें अठराव्या अध्यायांत एक दृष्टांत आहे. एका चाकरास राजानें दहा हजार तालांतांचें कर्ज सोडलें. त्यानें बाहेर येऊन शंभर दीनारांसाठीं सोबत्याची मानगुटी धरली. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका तालांतास सुमारें सहा हजार दीनार. हिशेब करण्याची खोड मला आहेच: शंभर दिवसांच्या मजुरीसमोर सहा कोटि दिवसांची.

हिशेब येणें निराळें, आणि ऋण सोडणें निराळें. १९९३ सालीं आमचे वडील वारले. थोरल्या बंधूंनीं कागदपत्र असे केले कीं, घर आणि शेत यांत माझा वांटा उरला नाहीं. आठ वर्षें आम्ही एकमेकांशीं बोललों नाहीं. त्या आठ वर्षांत दर रविवारीं मंडळी ही प्रार्थना म्हणे, आणि ऋणाचें वाक्य आलें कीं माझे ओठ मिटत. शंभर आवाजांत एक कमी झाला तर कोणास कळतें? पत्नीला कळलें. ती एकदां म्हणाली, “अहो, तेथें तुम्ही गप्प बसतां. मग पुढचें तरी कशाला म्हणतां?”

२००१ च्या नाताळांत मी गांवीं गेलों. बंधू गोठ्यांत होते. कागदांविषयीं ते बोलले नाहींत, मींही विषय काढला नाहीं. वहिनींनीं चहा दिला. गाईला वासरूं झालें होतें, तें दाखविलें. निघतांना बंधूंनीं एवढेंच विचारलें, “परतीची एस्. टी. किती वाजतां?” आणि फाट्यापर्यंत माझी पिशवी घेऊन ते बरोबर आले.

२०१२ मध्यें ते वारले. घर आणि शेत पुतण्यांकडे आहे. तें वाक्य मी आतां म्हणतों. तेथें माझा आवाज शेजारच्यांहून थोडा खालीं येतो, असें पत्नीचें म्हणणें आहे.