पिकअपला पाटे किती टाकायचे? : मामाची गाडी, टोमॅटोचे कॅरेट आणि सावळघाट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. मोबाईल नाही, एआय नाही, पगारवाढ नाही. आज बोलायचंय गाडीच्या मागच्या पाट्यांबद्दल. हो, तेच पाटे. पिकअपच्या खाली, मागच्या चाकांच्या वर, एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्याच.

तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाला, तुझा काय संबंध? तर मी बीटेक केलं मेकॅनिकलमध्ये, आणि आता कोड लिहितो. आपल्यातले निम्मे असेच आहेत, लाजायचं काय! पण गेल्या वर्षी चार वर्षांची ती डिग्री पहिल्यांदा कामाला आली, ती मामाच्या पिकअपमुळे.

मामांची शेती दिंडोरी तालुक्यात. थोडी द्राक्षबाग, बाकी टोमॅटो आणि कांदा. शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर पाणंद रस्ता. मध्ये एक नाला, त्यावर पूल नाही. पावसाळ्यात काळी माती, उन्हाळ्यात दगड. शहरातले लोक ज्याला हौसेने ऑफ-रोडिंग म्हणतात, ते मामांच्या घरी रोज सकाळी माल भरून होतं. गाडी सेकंड हँड घेतलेली पिकअप. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हताच.

झालं असं, की माल भरला की गाडी मागून बसायची. अगदी चाकाला हौदा टेकतोय की काय, इतकी. मामांनी एका गॅरेजला दाखवली. तिथे सांगितलं, "दोन जाड पाटे टाकून देतो, मग बघा." टाकले. गाडी मागून एकदम उंच झाली, ऐटीत उभी राहिली. मामा खूश.

पहिली तक्रार आली मार्चमध्ये. द्राक्षाचे क्रेट बागेतून पॅकहाऊसला नेले, तर घडातले मणी सुटलेले. क्रेटच्या तळाशी मण्यांचा थर. द्राक्ष हलकं भरतात, त्यामुळे गाडीवर वजन कमी होतं आणि पाटे दगडासारखे. प्रत्येक खड्डा थेट घडाला लागत होता.

दुसरी गोष्ट मात्र गंभीर होती. मामेभाऊ, वय २२, कांदा भरून पेठमार्गे गुजरातकडे निघाला. सावळघाट उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास यायला लागला आणि ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं. पोरगा शहाणा निघाला. लगेच पहिल्या गिअरमध्ये घेतली, डोंगराच्या बाजूला उभी केली आणि तासभर थांबला. काही झालं नाही. पण घरी येऊन त्याने आईला सांगितलं नाही, मला फोन केला. "दादा, गाडीत काहीतरी गडबड आहे. ब्रेक नवे आहेत, तरी असं का झालं?"

त्या फोनमुळे मी हा विषय पहिल्यापासून समजून घेतला. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी गणित, पण सोपं

पाट्याचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो : पाटे किती, जाडी किती आणि लांबी किती. संख्या वाढवली तर कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. सहाचे सात केले की साधारण १७ टक्के. पण जाडीचं तसं नाही. जाडीचा घन होतो. ८ मिलिमीटरचा पाटा ९ चा केला, म्हणजे फक्त एक मिलिमीटर वाढवला, तर कडकपणा ४२ टक्के वाढतो. लांबीचंही घनानेच, पण उलटं : पाटा लांब तितका मऊ.

आता मामांच्या गाडीसारखा हिशोब करू. समजा, मूळ सहा पाटे ८ मिलिमीटरचे. आठचा घन ५१२, गुणिले सहा, म्हणजे ३०७२. त्यात १० मिलिमीटरचे दोन टाकले. दहाचा घन १०००, दोनचे २०००. एकूण ५०७२. म्हणजे कडकपणा थेट ६५ टक्क्यांनी वाढला! हा ढोबळ हिशोब आहे, पण मिस्त्री "दोनच पाटे टाकलेत" म्हणतो तेव्हा त्या "दोनच"चा अर्थ हा असतो.

याचा परिणाम काय? मूळ पाट्यांवर रिकामी गाडी मागून समजा ४२ मिलिमीटर दबत असेल, तर आता २५ च दबेल. गाडी सेकंदाला सुमारे अडीच वेळा डोलत होती, ती आता तीनपेक्षा जास्त वेळा हिसके देणार. रिकामी पिकअप खड्ड्यात टुणटुण उडते ना, ती अशी. चाक जमीन सोडतं. चिखलात चाकाने जमीन सोडली की पकड गेली. म्हणजे ज्या पाणंद रस्त्यासाठी पाटे वाढवले, तिथेच गाडी जास्त फसते.

अजून एक. जाड आणि बारीक पाटे एकाच गठ्ठ्यात बांधले की सगळे सारखेच वाकतात. पण सारखं वाकवल्यावर जाड पाट्यावर ताण जास्त येतो. ८ च्या शेजारी १० चा असेल, तर २५ टक्के जास्त. शिवाय वजनातला त्याचा वाटाही जवळपास दुप्पट. म्हणून "मजबुतीसाठी" टाकलेला जाड पाटाच बऱ्याचदा आधी तुटतो.

मग ब्रेकचं काय झालं?

इथे मीही चक्रावलो होतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागे एक वॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग वॉल्व्ह. एक बाजू चेसिसला, एक सळई मागच्या अॅक्सलला. गाडी मागून दबली की त्याला कळतं, माल भरलाय, मागच्या ब्रेकला जास्त दाब द्या. गाडी उंच असली की त्याला वाटतं, रिकामी आहे, मागचा दाब कमी ठेवा, नाहीतर मागची चाकं लॉक होतील.

आता विचार करा. दोन जाड पाटे टाकले, गाडी भरूनही उंचच राहिली. वॉल्व्हला वाटलं, गाडी रिकामी. मागचे ब्रेक अर्धवट काम करत होते आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. वर माल जास्त, उतार लांब. पुढचे ब्रेक तापले, वास आला, पेडल खोल गेलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर सेन्सरला चुकीचा इनपुट दिला आणि सिस्टिमने प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर दिलं. फक्त इथे प्रॉडक्शनमध्ये माझा भाऊ बसला होता.

मग पाटे निवडायचे कसे?

मी, मामा आणि भाऊ, आम्ही या क्रमाने गेलो. तुमच्या घरी पिकअप असेल तर हे लिहून घ्या.

एक, वजनकाटा. अंदाज नको. गाडी रिकामी तोला, भरून तोला, आणि भरलेली असताना फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून तोला. तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण पाट्यांवर तोच भार येतो.

दोन, आरसी बुक. मामांच्या गाडीचं रिकामं वजन १,७०० किलो, भरून परवानगी २,९९०. म्हणजे उरले १,२९०. त्यातून ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस, धरा १५० किलो. राहिले १,१४०. टोमॅटोचा कॅरेट २० किलोचा, रिकाम्या जाळीचं वजन धरून २२. भागाकार केला : ५१ कॅरेट. मामा भरत होते ८०. म्हणजे सहाशे किलोंहून जास्त जादा! पाटे बसत नव्हते, आम्ही त्यांना बसवत होतो.

तीन, पाटे खरंच थकलेत का ते बघा. गाडी रिकामी, सपाट जागेवर. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजू. एक बाजू खाली असेल किंवा पाट्याची कमान सरळ झाली असेल, तर पाटे थकलेत. मग जादा पाटा टाकू नका, पूर्ण सेट बदला, कंपनीच्या मापाचा. थकलेल्या सहांवर एक नवा टाकला तर तो एकटाच राबतो आणि एकटाच तुटतो.

चार, हेल्पर पाटा. कधी जड माल, कधी हलका, असं असेल तर उत्तर हेच. तो मुख्य गठ्ठ्याच्या वर किंवा खाली वेगळा असतो आणि गाडी रिकामी असताना भार घेत नाही. माल भरून गाडी ठराविक खाली आली की मगच कामाला लागतो. द्राक्षाला मऊ, कांद्याला कडक. पण तोही तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेला असेल तरच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने बदल करता येत नाहीत.

पाच, पाट्याला गॅस कटर किंवा वेल्डिंग लावू देऊ नका. हे साधं लोखंड नाही, स्प्रिंग स्टील आहे. भट्टीत लाल करून, तेलात बुडवून, परत बेताने तापवून त्याला लवचिकपणा दिलेला असतो. गॅसने तापवलं की तेवढ्या जागेचा तो गुण गेला. तिथूनच तो एक दिवस तुटणार.

सहा, पाटे बदलल्यावर काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि बोल्ट सैल होतात. यू-बोल्ट सैल राहिला की सेंटर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल जागेवरून सरकतो. शॅकलचे बुशही तेव्हाच बघा. आणि लोड सेन्सिंग वॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे सेट करून घ्या. हे विसरू नका, भावाच्या घाटाची आठवण ठेवा.

मामांचा खरा प्रश्न

हे सगळं मी मामांना ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भाचेबुवा, तुझं गणित बरोबर. पण भाव असतो तेव्हा माल आजच गेला पाहिजे. उद्या भाव पडला तर तुझा तो घन माझे पैसे देणार आहे का?"

माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. मंडळी, खरं सांगतो, शेतकरी हौस म्हणून ओव्हरलोड करत नाही. पिंपळगाव बसवंतला सकाळी एक भाव, संध्याकाळी दुसरा. ही भीती एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून हिशोब केला. शेत ते मार्केट २२ किलोमीटर. दुसरी फेरी म्हणजे जाऊन-येऊन ४४. गाडी लिटरला १२ देते, म्हणजे पावणेचार लिटरच्या आत डिझेल. साडेतीनशे रुपयांच्या आसपास. समोर काय? २०१९ च्या बदलानंतर ओव्हरलोडला दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. शिवाय पाटे, टायर, बेअरिंग, आणि सुटलेले मणी. घाटाचा विषय मी काढला नाही. भाऊ तिथेच बसला होता, त्यानेच काढला. त्या दिवशी मामांना पहिल्यांदा कळलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही द्वारकाजवळ एका पाटेवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि मामांना म्हणाले, "शेठ, पाटे वाढवून गाडी ट्रक होत नाही. चेसिस तीच, अॅक्सल तोच, टायर तेच." माझी पंधरा मिनिटांची बडबड त्यांनी एका वाक्यात संपवली.

आम्ही ते दोन जाड पाटे काढले. कंपनीच्या मापाचा पूर्ण सेट घातला, त्या मॉडेलला कंपनीचाच हेल्पर मिळत होता तो घेतला, वॉल्व्ह सेट केला. माल ५० कॅरेट. जास्त निघाला तर दुसरी फेरी, किंवा शेजारच्यांसोबत मोठी गाडी भाड्याने. घाटात जायचं असेल तर मोठीच गाडी, हा नियम मामींनी केला आणि त्यावर कोणी बोललं नाही.

परवा मी गेलो होतो, तर मामा टेप घेऊन चाकाजवळ वाकलेले. डावी बाजू चार मिलिमीटर खाली आहे म्हणे. मी म्हटलं, मामा, चार चालतं. तर म्हणाले, "लिहून ठेव. पुढच्या महिन्यात परत मोजू."

तर मंडळी, तुमच्या घरी, गावाकडे, कोणाची पिकअप मागून बसत असेल तर हा भाग त्यांना पाठवा. आणि गॅरेजला जायच्या आधी वजनकाट्यावर जाऊन या. किती आकडा आला ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते बघू. तोपर्यंत सांभाळून चालवा. भेटूया!